अनुभव धागा : ‘ब्रिजिट’ नावाच्या निमित्ताने

आयर्लंडमधून जगभर गेलेल्या ‘ब्रिजिट’ या नावाशी आपला कसा परिचय झाला, ते येथे अवश्य लिहावे. सुरुवात मी करते. डब्लिनमध्ये दरवर्षी १ फेब्रुवारीच्या सुमारास माझी मुलगी शाळेतून लव्हाळ्याच्या पात्यांचा विणलेला क्रूस घेऊन येते. तो दिवस किल्डेअरच्या संत ब्रिजिटचा, आणि २०२३ पासून त्यानिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टीही असते. मात्र संतांच्याही आधी या नावाची देवी होती. कवी तिची आराधना करत आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी वैद्यक व लोहारकाम यांच्या देवता होत्या, असे ‘कॉर्मॅकचा शब्दकोश’ या मध्ययुगीन आयरिश ग्रंथात म्हटले आहे.

— मी संस्कृत शिकवते. जुन्या आयरिशमधील ‘ब्रिगिट’ आणि आपली ‘बृहती’ ही एकाच इंडो-युरोपीय मुळाची रूपे असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. अर्थ ‘उंच, थोर अशी ती’. वर्गात ‘बृहती’ म्हटले की ३६ अक्षरांचा वैदिक छंद तेवढा समोर येतो. म्हणून मी ही आयरिश बहीण आवर्जून सांगते, आणि एरवी व्युत्पत्तीला कंटाळणारी मुलेही त्या दिवशी प्रश्न विचारू लागतात.

— आम्ही वसईचे. माझ्या आजीचे नाव ब्रिजित, आणि घरात ते पोर्तुगीजच समजले जाते. त्यातही तथ्य आहे, कारण या संतांची भक्ती पोर्तुगालमध्ये जुनी असून लिस्बनजवळच्या, आता शहरातच आलेल्या लुमियार येथील चर्चमध्ये त्यांच्या मस्तकाचा अवशेष जपलेला आहे.

— बॉस्टनमधील माझ्या आयरिश वंशाच्या शेजारीणबाईंनी सांगितलेली हकीकत मला फार लागली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घरकाम करणाऱ्या आयरिश मुलींना, त्यांचे खरे नाव काहीही असो, सरसकट ‘ब्रिजिट’ म्हणत. ‘थोर’ अर्थाचे नाव असे हिणवण्यासाठी वापरले गेल्यामुळे पुढे अनेक आयरिश कुटुंबांनी ते मुलींना देणेच टाळले.

— वरील अनुभवांना पुस्ती जोडतो. आयर्लंडच्या पश्चिमेकडील गॉलवेत माझ्या सहकारी बाईंचे नाव ‘Bríd’, म्हणजे याच नावाचे आजचे आयरिश रूप आहे. लिहिताना शेवटी ‘ड’चे अक्षर असते, पण पश्चिमेकडील उच्चार ‘ब्रीज’च्या जवळ जातो, त्यामुळे नाव कागदावर वाचून हाक मारण्यापूर्वी त्या व्यक्तीलाच विचारावे.