उन्हातल्या पायवाटा : तुमच्या घराजवळचं रान (अनुभव धागा)

पावसाळा लागला की सह्याद्रीतल्या धबधब्यांखाली उभं राहायला जागा उरत नाही, आणि दिवाळीनंतर गडांवर झुंबड उडते. होळी झाली की मात्र सगळ्यांच्या सॅक माळ्यावर जातात. 'आता काय ठेवलंय रानात, सगळं वाळून गेलंय' हे दरवर्षी ऐकायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडचं बरंचसं जंगल पानझडीचं आहे. पानं गळली की नजर लांबवर पोचते, एरवी नुसते आवाज ऐकू येणारे पक्षी डोळ्यांना दिसतात. पळस, पांगारा, काटेसावर अंगावर पान नसताना फुलतात. पाणी आटत गेलं की उरलेल्या डबक्यावर आसपासचं सगळं जंगल येऊन जातं. ज्याला रान समजून घ्यायचंय त्यानं फेब्रुवारी ते मे घरी बसूच नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून हा धागा. लांबच्या सफारी नकोत. तुमच्या घरापासून सकाळी निघून जेवायच्या वेळेपर्यंत परत येता येईल अशी टेकडी, अभयारण्य, राखीव माळ, खाडीकाठ काहीही चालेल. कधी जाता, काय दिसतं, नवख्या माणसाला काय माहीत असायला हवं, ते मोकळेपणानं लिहा. एकच विनंती : घरटी, बिबट्याची बसायची जागा, घुबडाची ढोली यांचे नेमके पत्ते इथे देऊ नका. फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली की पक्षी घरटं सोडून जातो.

बोरिवली, मुंबई

मी सुरुवात करते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आमच्या दारात आहे आणि तरी आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी मिनी ट्रेनच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, त्याच्या पोटात मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि भोवती चहूकडून शहर. एवढं भाग्य फार थोड्या महानगरांना मिळतं.

उन्हाळ्यात मी दार उघडताच आत जाते आणि कान्हेरीच्या रस्त्याला लागते. मार्चअखेरीस त्या रस्त्यावर कुसुमाची झाडं बघा. नवी पालवी लालभडक असते, लांबून वाटतं झाड फुललंय. जवळ जाऊन एक पान बोटांत धरलं की कळतं, ते इतकं कोवळं आणि लवलवीत असतं की देठापासून लोंबत असतं. आठवड्याभरात तेच तांबूस होतं, मग पोपटी, मग हिरवं. एकच झाड दर रविवारी बघत राहा. मला रानाची गोडी या एका झाडानं लावली.

कान्हेरीची लेणी शंभराहून जास्त आहेत. बहुतेक लोक मोठं चैत्यगृह बघून परततात. तुम्ही वरच्या अंगाला चढा आणि कातळात खोदलेले पन्हळ शोधा. पावसाचं पाणी या पन्हळांतून टाक्यांत उतरतं, शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय. भर उन्हाळ्यात त्यातल्या काहींत पाणी असतं आणि पक्षी तिथे येतात. ज्यांनी ही सोय केली त्यांना इथला उन्हाळा पुरता ठाऊक होता.

शिलोंड्याची वाट करायची तर उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातून नोंदणी करून, वाटाड्याबरोबरच. एकट्यानं आत शिरू नका. हे बिबट्याचं घर आहे. लहान मुलं मोठ्यांच्या मध्ये चालू द्यात, मागे रेंगाळू देऊ नका. सोमवारी उद्यान बंद असतं. आणि माकडांना वेफर्स देणं बंद करा. कळवळून सांगते. माणसाच्या हातून खायला शिकलेलं माकड पुढे पिशव्या ओढतं, चावतं, आणि मग त्याला पिंजऱ्यात घालून हलवायची वेळ येते.

(दर आठ वर्षांनी एकदाच फुलणारं कारवीचं झुडूप इथे 2008, 2016 आणि 2024 ला फुललं. ज्यांचं हुकलं त्यांनी 2032 लिहून ठेवा.)

पुणे

वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. माझे सासरे रोज जायचे, आता मी आणि मुलगी जातो. उन्हाळ्यात साडेपाचला घर सोडायचं आणि आठच्या आत खाली यायचं हा आमचा नेम आहे.

फेब्रुवारीत गणेर फुलतो, निष्पर्ण फांदीच्या टोकाला पिवळंधमक फूल. पांढरूख त्याच सुमारास नागडा उभा असतो. त्याच्या बुंध्याला हात लावा. साल पातळ कागदासारखी सुटते आणि खालचा बुंधा गुळगुळीत, गार लागतो. मुलीला ते झाड इतकं आवडतं की प्रत्येक वेळी त्याला हात लावल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

पण मला इथे लिहायचंय ते वणव्याबद्दल. टेकडीवरचं गवत जानेवारीतच वाळतं आणि मग कुणीतरी काडी लावतं. कधी विडीचं थोटूक, कधी पार्टीची शेकोटी, कधी 'जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं' हा समज. चंडोल, तित्तर यांची घरटी जमिनीवर असतात. सरडे, साप, गवताळ्यातले किडे, पावसाची वाट बघत पडलेलं बी, सगळं एका संध्याकाळीत संपतं. वनखातं जाळरेषा काढतं, आम्हीही गेली काही वर्षं हिवाळा सरताना पायवाटेच्या कडेचं वाळकं गवत काढायला जातो. धूर दिसला तर आधी वनविभागाला किंवा अग्निशमन दलाला फोन करा. पेटलेल्या गवतात एकट्यानं उतरू नका, वारा फिरला तर पळायला जागा राहत नाही.

आणखी एक. टेकडीवर झाडं लावायच्या उत्साहात गिरिपुष्प भरमसाट लागला आहे. त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. उघडा माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे, गवताळ टेकडीला तसंच राहू द्यावं, असं मला आता मनापासून वाटतं.

पनवेल

लहान मुलं घेऊन कुठे जाऊ, असं विचारणाऱ्यांसाठी कर्नाळा. मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच, जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य. हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा आहेत, दोन्ही बऱ्यापैकी सावलीतून जातात. मुलांना घेऊन यांतली एकच करा. किल्ला उन्हाळ्यात नऊच्या आत उरकता आला तरच चढा. वरच्या सुळक्याला आग्यामोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोन काहीही नको. मधमाश्या उठल्या तर कड्यावर लपायला जागा नाही.

सुपे, ता. बारामती

वरच्या पुण्याच्या ताईंनी माळाबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मयूरेश्वर अभयारण्य आहे, 5.14 चौरस किलोमीटर. राज्यातल्या सगळ्यांत लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. मोरगावला गणपतीला येणारी माणसं शेजारून निघून जातात, बाजूला चिंकारा हरीण आहे हे त्यांना माहीत नसतं.

मी शेतकरी आहे, लहानपणापासून या माळावर गुरं आणि शेळ्यांमागे फिरलोय. चिंकारा बघायचा तर उजाडताना या आणि शांत उभे राहा. त्याचा रंग मातीचाच, हलला नाही तर समोर असून दिसत नाही. तुमची चाहूल लागली की तो पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज आला की तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही. दोन उड्यांत तो दिसेनासा होतो आणि उन्हाच्या दिवसांत ती पळापळ त्याला परवडत नाही. मादीलाही शिंगं असतात, बारीक. नवीन माणूस सगळ्यांनाच नर समजतो.

या जनावराला पाण्यावाचून बरेच दिवस काढता येतात, पाल्यातून भागवतं. त्याला खरा धोका मोकाट कुत्र्यांचा. सहलीला आलेले लोक उरलेलं जेवण कडेला टाकतात, त्यावर कुत्री जमतात, आणि मग ती पाडसांमागे लागतात. तेव्हा डबा आणा, खा, पण खरकटं परत न्या. धाविक आणि चंडोल हे पक्षी बघायला दुर्बीण असेल तर आणा. आणि गाडी सोडून चाला, माळ हा चालतच बघायचा असतो.

अमरावती

आमच्याकडं मे महिना म्हणजे 45 अंशांच्या पुढं, त्यामुळं चालायचं ते पहाटे. मी मेळघाटबद्दल लिहितो. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक.

मार्च-एप्रिलात मोह गळतो. फूल रात्री सुटायला लागतं, सकाळपर्यंत झाडाखाली सडा पडतो. कोरकू आदिवासी बाया-पोरं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन पोचलेली असतात. फूल फिकट पिवळं, मांसल, मण्याएवढं. वास असा की पायवाटेवर वळणाआधीच कळतं पुढं मोह आहे. अस्वलालाही ते तितकंच आवडतं, म्हणून पहाटे मोहाखाली बोलत-बोलत जावं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची पद्धत आहे आणि कित्येक वणवे तिथून सुरू होतात. आता काही गावांत झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरतात. फुलाला माती लागत नाही, भावही बरा येतो. हा उपाय गावोगावी पोचायला हवा.

आणि बुद्धपौर्णिमा! वनविभाग त्या रात्री 'निसर्गानुभव' ठेवतो, आधी नोंदणी करावी लागते. पाणवठ्याजवळच्या मचाणावर संध्याकाळपासून सकाळपर्यंत बसायचं. टॉर्च नाही, मोबाईल नाही, कुजबुजही नाही. चांदण्यात पाण्याच्या कडेला एक काळा ठिपका हलतो, तो रानडुक्कर आहे की अस्वल हे ओळखायला कितीतरी वेळ लागतो. माझ्या मचाणावर वाघ आला नाही. सांबराची मादी आली, पाण्यात पाय टाकायच्या आधी ती इतका वेळ कान फिरवत उभी राहिली की माझेच पाय आखडले. रात्रभरात तहान आणि भीती या दोन गोष्टी इतक्या जवळून मी कुठं पाहिल्या नव्हत्या. वाघ दिसलाच पाहिजे म्हणून येणाऱ्यांनी येऊ नये, दुसऱ्याची जागा जाते.

अकोला

वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून थोडंसं. तहान लागायची वाट बघू नका, निघण्याआधीच पाणी प्या. नुसत्या पाण्यावर दोन-तीन तास घाम गाळू नका, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस सोबत हवं. चालणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, त्याची कातडी तापून गरम झाली, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

फिनिक्स, अमेरिका

मूळची सोलापूरची, त्यामुळे उन्हाला घाबरत नाही असं मला वाटायचं. ॲरिझोनाचं ऊन मात्र वेगळ्या जातीचं आहे. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, येतो तसा उडून जातो आणि शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. इथला नियम आम्ही पाळतो : जवळचं निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत फिरायचं.

आमच्या घराजवळ साउथ माउंटन पार्क आहे, 16,000 एकरांहून मोठं, आणि तेही शहराच्या हद्दीत. सग्वारो निवडुंग तिथे उभे असतात. त्यांना पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. मे-जूनमध्ये टोकाला पांढरी फुलं येतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मिटतात. रात्री वटवाघळं, दिवसा पारवे आणि मधमाश्या त्यांवर येतात.

कॅमलबॅक डोंगराची वाट उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी भर दुपारी शहर बंदच ठेवतं. 38 अंशांच्या वर पारा गेला की कुत्र्यांना पायवाटांवर न्यायला मनाई आहे. आपल्याकडेही टेकड्यांवर असा नियम असावा. ज्याला हौस आहे तो पहाटे जाईल, आणि सोडवायला माणसं पाठवावी लागतात ते प्रसंग टळतील.

डिचोली, गोवा

आमचं ऊन घामाचं. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला उतरलं की समोरच सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. ओहोटीच्या वेळी जावं. चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसतात आणि त्यांच्यामधून निवटे, म्हणजे चिखलावर येणारे छोटे मासे, उड्या मारत पळतात. एक निवटा पाण्याबाहेर बसून डोळे आत ओढून घेतो आणि परत बाहेर काढतो, ते मुलांना दाखवा. सोबत कोकम सरबताची बाटली ठेवा.

छत्रपती संभाजीनगर

सगळं वाचतेय. वडील सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, पण रानाची फार ओढ. गौताळ्याला न्यावं का? पितळखोऱ्याची लेणी दाखवायची इच्छा आहे.

चाळीसगाव

ताई, पितळखोऱ्याला वरून दरीत उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, परत चढताना ऊन डोक्यावर असतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर नको. त्यापेक्षा वडिलांना आमच्या बाजूनं पाटणादेवीला आणा, तेही गौताळा अभयारण्यातच येतं. चंडिकादेवीच्या मंदिराभोवती डोंगरांची रांग आहे, सपाटीवर झाडाखाली बसून पक्षी बघता येतात. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं 1207 साली मठ काढल्याची नोंद आहे, वडिलांना त्यात रस वाटेल. फेब्रुवारी संपायच्या आत या, सकाळी सातला पोचाल अशा बेतानं निघा, आणि नाश्ता घरून बांधून आणा.