मदत हवी आहे: हायबरनेट ठेवून फास्ट स्टार्टअप कायमचं बंद कसं करायचं?

एकाच लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्स). विंडोजमधून 'शट डाउन' केलं की उबुंटूत डी ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर काही सेव्ह होत नाही. कारण फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून ते पूर्ण बंद न करणारी सोय), हे माहीत आहे: यूजर लॉग-आउट होतो, पण कर्नल (विंडोजचा गाभा) डिस्कवरच्या हायबरफिल फाइलमध्ये झोपून राहतो आणि एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-पद्धतीचं) पार्टिशन अर्धवट वापरातच राहतं. 'रीस्टार्ट'ला मात्र हा घोळ नाही. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तरी नाही, पण घरातले बाकीचे ते कुठून लक्षात ठेवणार!

'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही कमांड कृपया सुचवू नका, त्याने हायबरनेटही (उघडं काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करणं) जातं. उबुंटूत ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करणंही (जोडून घेणंही) नको, डेटा खराब होतो.

कंट्रोल पॅनेलमधली टिक काढली, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदींत) फास्ट स्टार्टअपचं 'हायबरबूटएनेबल्ड' ० म्हणजे बंद झालं. मोठं अपडेट आलं की परत १. ग्रुप पॉलिसीचा उपयोग नाही. ती फास्ट स्टार्टअप फक्त चालू ठेवायची सक्ती करते, डिसेबल केली तर लोकल सेटिंगच लागू होतं.

आता टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारं विंडोजचं साधन) सिस्टिम अकाउंटने (विंडोजच्या स्वतःच्या खात्याने) रजिस्ट्रीत दरवेळी ० लिहायचा विचार आहे. कुणी केलंय का? ट्रिगर (काम कधी सुरू व्हायचं ते) स्टार्टअपचा ठेवलात की लॉग-इनचा? फास्ट स्टार्टअपने उठताना स्टार्टअपचा ट्रिगर चालतो का?