जँगोचं नाव आणि अ‍ॅडमिनचा निळा: बदलावं की राहू द्यावं?

गेरू: जँगो म्हणजे पायथनमध्ये संकेतस्थळं बांधायचा तयार सांगाडा, वेब फ्रेमवर्क. त्याचा लोगो गडद हिरवा, संकेतस्थळ हिरवं आणि अ‍ॅडमिन (साइटची माहिती सांभाळायची पानं) उघडलं की वरची पट्टी निळी. एकाच घरातली वाटत नाहीत. नावाचंही तसंच. वेब फ्रेमवर्कला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव कशाला? स्पेलिंगमधला डी मुका, म्हणून नवखे 'डी-जँगो' म्हणतात. नाव कामावरून हवं, रंग एकच हवा.

कानामात्रा: नावाबद्दल अजिबात पटत नाही. हे फ्रेमवर्क कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कामातून २००५ मध्ये बाहेर आलं. कामावरून नाव ठेवलं असतं तर ते बातम्यांना चिकटलं असतं आणि आज तोकडं पडलं असतं. नावाची खरी अडचण आपल्या प्रोजेक्टची असते. 'टेस्ट' नाव दिलं तर पायथनच्या अंगच्या त्याच नावाच्या पॅकेजशी (कोडच्या गठ्ठ्याशी) भिडतं. नवा प्रोजेक्ट बनवणारी स्टार्टप्रोजेक्ट ही आज्ञा ते नाव नाकारते, पण नंतर हाताने फोल्डरचं नाव बदललं तर अडवणारं कोणी नाही.

गेरू: नाव सोडा. रंगाचं काय?

पांढरपट्टी: आधी मोजा. जँगोच्या ३.२ आवृत्तीत बटणाचा निळा होता आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण) १२१, १७४, २००. त्यावर पांढरी अक्षरं, कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) जेमतेम २.४. नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ लागतो. ही तक्रार रास्त आहे. पण वरच्या पट्टीचा निळा (६५, ११८, १४४) ५ च्या आसपास जातो, त्याला हात लावायचं कारण नाही. पट्टीला लोगोचा हिरवा (९, ४६, ३२) दिला तर पांढऱ्या अक्षरांखाली झकास, १४ च्या वर. डार्क मोडच्या जवळपास काळ्या पानावर मात्र तीच पट्टी दिसेनाशी होते: १.३.

गेरू: मग डार्कसाठी उजळ हिरवा द्या. मूळ हट्ट सोडत नाही.

कानामात्रा: तो तुमच्या प्रोजेक्टमध्ये द्या, सगळ्यांवर कशाला? टेम्प्लेट्समध्ये (पानांच्या साच्यांच्या फोल्डरमध्ये) 'अ‍ॅडमिन/बेस' फाइल करा, त्याच नावाची मूळ फाइल एक्स्टेंड करा, म्हणजे तिच्यावरच भर घाला; एक्स्ट्रास्टाइल ब्लॉकमध्ये आधी ब्लॉक-सुपर (त्या ब्लॉकमधला मूळ मजकूर), मग रंगांची व्हेरिएबल्स. ४.२ आवृत्तीपासून थीम (ऑटो, लाइट, डार्क) बदलायचं बटण आलं. नुसत्या रूट सिलेक्टरवर (सीएसएसमध्ये अख्ख्या पानाला लागू होणाऱ्या निवडीवर) रंग लिहिला तर 'ऑटो'मध्ये दिसतो आणि 'लाइट' निवडताच जुना निळा परततो, कारण एचटीएमएल टॅगवरचा, निवडलेली थीम ओळखणारा डेटा-थीम सिलेक्टर जास्त वजनाचा. म्हणून लाइट आणि डार्क, दोन्ही डेटा-थीम वेगळे लिहा. 'ऑटो'साठी रूट आणि डार्कची मीडिया क्वेरीही (यंत्र डार्कवर असेल तरच लागू होणारी अट) ठेवा.