‘मॅक्सवेलचा राक्षस’ की आणखी काही?

चोपडा
अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने कल्पिलेल्या जिवाला, ‘मॅक्सवेल्स डीमन’ला, मी आजवर ‘राक्षस’ म्हणत आलो. हवेने भरलेली पेटी, मधे भिंत, भिंतीला इवलंसं दार. दाराशी बसलेला हा जीव वेगवान रेणू उजवीकडे सोडतो, संथ रेणू डावीकडे. कष्ट न करता एक बाजू तापते, दुसरी निवते आणि ऊष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही) मोडल्यासारखा दिसतो. एवढं सांगून झालं तर मागच्या बाकावरून आलं, “सर, राक्षस शे तं तो खास काय?” (अहिराणीत ‘खास’ म्हणजे खातो.) पोरांना बकासुर दिसत होता. चूक माझ्या शब्दाची. दुसरा शब्द सुचवा.

अमळनेर
‘भूत’ घ्या, सुटसुटीत आहे.

भुसावळ
भूत नको, पोरं पिंपळावर जाऊन बसतील.
‘डीमन’ हा शब्द मॅक्सवेलचा नव्हेच. त्याने ही कल्पना १८६७ साली टेट या मित्राला पत्रातून कळवली, १८७१ साली ‘थिअरी ऑफ हीट’मध्ये छापली. नाव १८७४ साली विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने दिलं. त्याच्या मनात होता ग्रीक ‘दाइमोन’, देव आणि माणूस यांच्या मधला जीव. दुष्टपणाचा त्यात संबंध नाही. मॅक्सवेलला तर त्याला ‘व्हॉल्व’ म्हणणं पसंत होतं.
पण व्हॉल्वनेही भागत नाही. विहिरीच्या पाइपावरचा एनआरव्ही, म्हणजे एकमार्गी झडप, आपण सगळे ओळखतो, पाणी एकाच बाजूने सोडतो. तेच झाकण रेणूएवढं हलकं केलं, तर रेणूंच्या धक्क्यांनी तेही तापून थरथरतं आणि दोन्हीकडून गळू लागतं. स्मोलुखोव्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने १९१२ साली हे दाखवलं. म्हणजे नुसती झडप पुरत नाही, पाहून ओळखणारा हवा. मी ‘जागल्या’ म्हणेन. गावच्या वेशीवर रात्रभर जागून आल्यागेल्याला ओळखणारा.

धुळे
आजच्या पोरांना जागल्या माहीत तरी आहे का? ‘दारवान’ बरा.

भुसावळ
दारवान दार उघडतो, पण लक्षात ठेवणं त्या शब्दात येत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. १९२९ साली झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने म्हटलं, किंमत रेणूच्या मोजमापाला पडते. लँडाउअरने १९६१ साली आणि बेनेटने १९८२ साली ती नेमकी जागी नेली: रेणू पाहणं तत्त्वतः फुकट होऊ शकतं, नोंद पुसणं नाही. जागल्याची पाटी लहान, भरली की पुसावीच लागते. एक बिट, म्हणजे एका हो-नाहीची नोंद, पुसताना आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत निदान ३ × १०⁻²¹ ज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. दुसरा नियम त्यानेच शाबूत राहतो.

चोपडा
म्हणजे मागच्या बाकावरचा प्रश्न बरोबरच होता. जागल्याला खायला लागतं, पाटी पुसण्यापुरतं. सोमवारी वर्गात हा शब्द घेतो आणि त्या पोरालाच फळ्यावर पेटी काढायला बोलावतो.