मुलाला शाळेत व्हेपसाठी (ई-सिगारेट) तिकीट मिळालंय (टेक्सस), ऑनलाइन क्लास केला की केस संपते का?

डॅलसची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, मुलगा १५ वर्षांचा. गेल्या आठवड्यात शाळेच्या बाथरूममधला व्हेप डिटेक्टर वाजला आणि याच्या दप्तरात मँगो फ्लेवरचं ते यंत्र सापडलं, दिसायला अगदी हायलायटर, घरात टेबलावर पडलेलं असतं तर मी उचलून पेनांच्या डब्यात ठेवलं असतं. तो म्हणतो मित्राचं होतं. शाळेतल्या पोलिसाने तिकीट (कोर्टात हजर राहायची नोटीस) दिलं, त्यावर कोर्टाची तारीख आहे, आणि शाळा वेगळं काय करणार ते अजून सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो दंड ऑनलाइन भरून मोकळं होऊ, कोणाला कळायला नको. पण एक मैत्रीण म्हणाली टोबॅको अवेअरनेसचा क्लास केला की केस डिसमिस होते. खरं आहे का हो? आम्ही एच१बीवर, ग्रीन कार्डची फाइल चालू, झोप उडालीय. लेक्चर प्लीज नको, ते घरात भरपूर झालंय.

ह्यूस्टनचा_बाप
ताई, आधी दंड भरायचं डोक्यातून काढा. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल. शिवाय १७ च्या खालच्या मुलाला जजसमोर उभं राहूनच काय ते सांगावं लागतं, आईबापापैकी एकाला सोबत जावं लागतं, त्यामुळे नवऱ्याला सांगा अर्ध्या दिवसाची सुट्टी टाक. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून तंबाखू आणि व्हेपसाठी वय २१ आहे आणि नुसतं जवळ बाळगलं तरी गुन्हा, त्यामुळे "मित्राचं होतं" याचा कोर्टात फारसा उपयोग नाही. दंड जास्तीत जास्त १०० डॉलर (आधी २५० होता), पण जज तो लगेच लावत नाही, थांबवून ठेवतो आणि क्लासला पाठवतो. ९० दिवसांत सर्टिफिकेट दाखवायचं, पहिलीच वेळ असेल तर तक्रार डिसमिस. जवळपास क्लास नसेल तर ८ ते १२ तास कम्युनिटी सर्व्हिस, तीही तंबाखूशी संबंधितच.

आता ऑनलाइनचं. गूगलवर "दोन तासात सर्टिफिकेट" विकणाऱ्या साइट ढीगभर आहेत, पैसे भरायच्या आधी कोर्टाच्या क्लार्कला फोन करून कोणता चालतो ते विचारा. कायद्याप्रमाणे क्लास राज्याच्या आरोग्य विभागाने मंजूर केलेला हवा. आणि हो, जज आईबापालाही क्लासला बसायला सांगू शकतो, तशी तरतूद आहे, त्यामुळे नवऱ्याची अजून थोडी सुट्टी शिल्लक ठेवा 😀

कायदा_थोडा_थोडा
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. त्यात निकोटीनच होतं ना? टीएचसीचं (गांजातलं नशेचं द्रव्य) तेल निघालं तर हे १०० डॉलरचं प्रकरण राहत नाही, टेक्ससमध्ये एक ग्रॅमच्या आतलं टीएचसी तेलसुद्धा फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा धरतात, आणि १७ वर्षांच्या मुलाला तर तिथे मोठ्यांसारखंच वागवतात. तिकिटावर कलम काय लिहिलंय ते बघा. टीएचसीचा नुसता संशय असेल तरी क्लास वगैरे सोडा, आधी वकील गाठा.

ग्रीन कार्डसाठी: आय ४८५ म्हणजे ग्रीन कार्डच्या अर्जावर "अटक, साइटेशन (म्हणजे हे तिकीटच), चार्ज" असं सगळं विचारतात. डिसमिस झालं म्हणून "नाही" लिहायचं नाही. तिकीट, सर्टिफिकेट, डिसमिसलचा शिक्का असलेला कागद, सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि इमिग्रेशन वकिलाला आत्ताच सांगून टाका. लपवलेलं सापडलं तर जास्त महागात पडतं.

बे_एरिया_विदर्भ
आमच्या कॅलिफोर्नियात हे असं नाहीच, जवळ बाळगल्याबद्दल मुलांना शिक्षा होती ती २०१६ मध्ये काढून टाकली, पकडायचं ते दुकानदाराला. देशपातळीवर २०१९ च्या डिसेंबरात २१ वय केलं त्यातही रोख विकणाऱ्यावरच आहे. मला तरी हेच पटतं, पोरगं आधीच अडकलेलं, त्याला वर कोर्टात उभं करून काय मिळतं? त्या ऑनलाइन क्लासमध्ये पोरं नेक्स्ट नेक्स्ट दाबतात आणि दुसऱ्या टॅबवर गेम चालू.

चंद्रपूरची_बाई
मी माध्यमिक शाळेत शिकवते. आपल्याकडेही कायदा विकणाऱ्यावरच आहे, १८ खालच्याला विकायचं नाही, शाळेपासून १०० यार्डात विकायचं नाही, गेटबाहेर पिवळी रेघ मारलेली असते. कोटपात (तंबाखूविरोधी कायद्यात) दंड २०० रुपयांपर्यंत, म्हणजे टपरीवाल्याचं सकाळचं गिऱ्हाईक. बाल न्याय कायद्याचं ७७ कलम मात्र कडक, मुलाला तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. रेघेच्या आत खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) मिळत नाही हे खरं, कारण टपरी रेघेच्या बरोब्बर पलीकडे आहे. आठवीतली पोरं पन्नी खिशात आणि खर्रा गालात ठेवून वर्गात बसतात, बोलायला उभं केलं की "हं हं" करतात तेव्हाच समजायचं. यांना ना कोर्ट ना क्लास, पालकांना बोलावलं तर बापाच्याच तोंडात भरलेला. तेव्हा बे एरियावाले दादा, नुसतं दुकानदाराला धरून भागतं असं मला नाही वाटत. काही तास कुणी मुलासमोर बसून बोलत असेल तर ते काही वाईट नाही.

डॅलसची_आई
सगळ्यांना थँक्यू. तिकिटावर टोबॅको / ई-सिगारेट असंच आहे, टीएचसी नाही, जीव भांड्यात पडला. क्लार्कला फोन केला, कोर्टातच यादी देतात म्हणाली. शाळेचं काय होईल?

ह्यूस्टनचा_बाप
शाळा आणि कोर्ट पूर्ण वेगळं. २०२३ च्या कायद्याने व्हेप सापडला की डीएईपी म्हणजे ती वेगळी शिस्तीची शाळा, तिथे पाठवणं बंधनकारक केलं होतं, मग २०२५ मध्ये पहिल्या वेळेसाठी शाळांना थोडी मोकळीक दिली. त्यामुळे मीटिंगला दोघं जा, पहिलीच वेळ आहे हे आवर्जून मांडा, जे ठरेल ते लेखी घ्या. पोरगा रोज ओढत असेल तर क्लासने निकोटीन सुटत नाही, डॉक्टरशी बोला, शिवाय ट्रुथ इनिशिएटिव्ह या तंबाखूविरोधी संस्थेचा मेसेजवर चालणारा फुकट प्रोग्रॅम आहे, "एक्सप्रोग्रॅम" इंग्रजीत एक शब्द करून ८८७०९ वर पाठवायचं, आईबाप मध्ये नसतात म्हणून पोरं वापरतात. आणि डिसेंबरात पुण्याला जाणार असाल तर बॅगा तुम्ही स्वतः भरा, भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावर नवीन लफडं नको.