मदत हवी आहे : पारगड ते मोर्ले पायवाटेची सध्याची स्थिती

बेळगावहून आम्ही पाच जण दिवाळीनंतरच्या शनिवारी पारगडावर भवानी मंदिराच्या आवारात मुक्काम करून रविवारी सकाळी मोर्ल्याच्या बाजूने दोडामार्ग तालुक्यात पायी उतरणार आहोत. गेल्या रविवारी मी अर्धी वाट उतरून पाहिली. कारवी खांद्याला लागते आहे आणि एका ओढ्याच्या काठची तांबडी माती खचल्यामुळे जेमतेम एक पाऊल मावेल एवढीच कड उरली आहे. तीही काठी टेकताच ढासळू लागली, म्हणून मी परतलो. गडावरच्या मंडळींनाही विचारले, परंतु पावसाळ्यानंतर तिथून कोणी उतरलेले नाही.

दोडामार्ग भागात २००२ पासून रानटी हत्तींचा वावर असल्याने जंगलात मुक्काम करायचा नाही आणि उजेड असतानाच खाली पोहोचायचे, हे आमचे पक्के आहे. माझ्या मते वाटेपेक्षाही ही काळजी मोठी आहे. सोबत साठीचे एक काका आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर सुमारे आठ किलो ओझे असेल, दोर आहे. गाडीने उतरण्याचा पर्याय सुचवू नये.

गेल्या पंधरा दिवसांत ही वाट कोणी पूर्ण उतरले असल्यास, त्या ओढ्याला वरच्या अंगाने सुरक्षित वळसा आहे का, आणि हत्ती सध्या कोणत्या बाजूला आहेत?