ऑनलाईन कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का? गावाकडचे लोक खरंच येतात का?

डाळवाली_ताई, दारव्हा
नमस्कार सगळ्यांले. आमचा ११ बायांचा बचत गट आहे, मिनी दाल मिल आहे, तुरीची डाळ, मुगवड्या, ज्वारीचे पापड करतो. डिसेंबरात अकोल्याला भाऊसाहेबांच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या, जयंतीच्या वेळचं कृषी प्रदर्शन म्हणजे आमची दिवाळीच, माल घेऊन गेलं की रिकाम्या पोत्या घेऊन वापस. यंदा कोरोनामुळं कुठंच जाणं झालं नाही. आता थोडं सुरळीत होईल म्हणलं तर अमरावतीत २२ फेब्रुवारी २०२१ पासून पुन्हा लॉकडाऊन लागला अन् इकडं यवतमाळातही केसेस वाढून राहिल्या.

अशात एका आयोजकाचा फोन आला, मार्चमध्ये ऑनलाईन प्रदर्शन आहे, स्टॉलचे ३,००० रुपये. त्यानं दाखवलं पण मोबाईलवर, चित्रातला मांडव आहे, स्टॉलवर बोट दाबलं की आपलं माहितीपत्रक उघडते. दिसते छान. पण आमच्याकडचं गिऱ्हाईक आधी मूठभर डाळ हातात घेते, एक दाणा दाताखाली फोडते, पॉलिश मारली का विचारते, मग भावाचं बोलते. ते मोबाईलमधून कसं करणार? ३,००० आमच्यासाठी लहान रक्कम नाही. वर्षभरात असल्या कार्यक्रमांले कोणी बसलं असेल तर खरं सांगा, लोक येतात का, अन् आले तर काऊन उठून जातात?

पराटीवाला_राळेगाव
ताई, एक गोष्ट आधी सांगतो, त्यानं तुम्हाले नोंदणीचा आकडा सांगितला असेल तर त्यावर जाऊ नका. नाव नोंदवाले पैसे लागत नाही, लिंक आली की मी पण नाव टाकून देतो. वर्षभरात पाच ठिकाणी नाव टाकलं, बसलो दोनच ठिकाणी. बाकी तीन सकाळी अकराला होते, अकराला माझ्या पाठीवर फवारणीचा पंप असते नाहीतर डवरणी चालू असते, अन् लाईनची रात्रपाळी असली तर रात्रभर पाणी देऊन माणूस दुपारी झोपते, कोण पाहणार मोबाईल.

पण कपाशीवरच्या बोंडअळीच्या कार्यक्रमाले मी पूर्ण बसलो. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यानं बोंडअळी अन् फवारणीची विषबाधा दोन्ही पाहिलं, त्यामुळं तो विषय निघाला की गावातलं कोणीही बसते. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) हेक्टरी ५ लावा, सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ पतंग दिसले की मग फवारणीचा विचार करा, फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढं ठेवू नका, हे सगळं वहीत लिहून घेतलं अन् तसंच केलं. शेवटी माझा प्रश्न विचाराची पाळी आली तर ४० मिनिटं संपले अन् मिटिंगच बंद पडली, फुकटवाली होती. त्याचं मले लय वाईट वाटलं. प्रश्न विचाराले भेटला नाही तर लोक दुसऱ्यांदा येत नाही, हे मात्र नक्की.

संत्रावाला_वरूड
राळेगाववाल्या भाऊचं शंभर टक्के खरं आहे. माझ्या बगीच्यात ४० झाडाले डिंक्या होता. ऑनलाईन कार्यक्रमात तज्ज्ञ बोलत होते, मी मोबाईल घेऊन सरळ झाडापाशी गेलो, बुडखा दाखवाले लागलो तर रेंज गेली, आमच्या वावरात टावर धुऱ्यावर उभं राहिलं तरच पकडते. मग त्यांनीच आपला नंबर दिला, मी डिंक निघत होता त्या सालीचा फोटो पाठवला, संध्याकाळी उत्तर आलं की चाकूनं खराब साल खरडून काढा अन् बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. कार्यक्रम तासाभराचा होता पण माझं काम झालं ते त्या एका फोटोनं. म्हणून ताई, त्या आयोजकाले विचारा का प्रदर्शन संपल्यावर गिऱ्हाईकाचे नंबर तुमच्याकडं येणार का. नसतील येत तर ३,००० देऊ नका असं माझं स्पष्ट मत.

मेहकरची_सून
मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. तुम्ही सगळे प्रदर्शनाला जात होते म्हणून तुम्हाला ऑनलाईन कमी वाटतं. माझ्या लग्नाला १४ वर्षं झाली, एकदाही अकोल्याच्या शिवार फेरीला (कृषी विद्यापीठात शेतं फिरून पिकं दाखवतात ती) गेले नाही, सासूबाईंचं पथ्यपाणी, पोरं, म्हशी, दोन दिवस घर सोडून जाऊ कोण देते. मागच्या वर्षी पहिल्यांदा परसबागेवरच्या कार्यक्रमाला बसले, एका कानात इयरफोन अन् समोर तव्यावर भाकर. आपलं नाव लिहून विचारलं की वांग्याच्या शेंड्यात अळी आहे काय करू, अन् त्या मॅडमनी माझं नाव घेऊन सांगितलं की सुकलेले शेंडे अळीसकट तोडून नष्ट करा. मला रात्री झोप आली नाही आनंदानं.

अडचण आहे ती मोबाईलची. घरात एकच स्मार्टफोन, दिवसा त्यावर पोरांची शाळा, दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो. रात्री जेवणं झाल्यावर ठेवलं तर माझ्यासारख्या लय जणी येतील, अन् तुमची डाळ घेणाऱ्या आम्हीच आहोत ना ताई.

धुऱ्यावरून, सेलू
मी आमच्या शेतकरी कंपनीचे असे सात-आठ कार्यक्रम घेतले म्हणून लिहितो. पहिल्या दोन-तीन महिन्यात लोक भरभरून आले, घरीच होते, नवीन होतं. मग पेरणी लागली, त्यात जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही अन् दुबारची पाळी आली, तेव्हा उगवणशक्तीच्या विषयावर ठेवलेल्या बैठकीत जागा पुरली नाही. त्याच्या पंधरा दिवसानंतर आम्ही निर्यातीवर मोठ्या वक्त्याले बोलावलं तर नऊ जण. माणसाचं मन नाही म्हणत नाही, त्याच्या डोक्यात त्या आठवड्यात काय आहे ते पाहा लागते. त्या चित्रातल्या मांडवात तर दोन मिनिटापेक्षा जास्त कोणी थांबत नाही, साधा फोन असला की तो उघडतच नाही, अडकतो.

अजून एक. भाऊसाहेबांनी १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, आमचे आजोबा तिथं जाऊन आले होते. मरेपर्यंत सांगायचे ते पंजाबच्या एका सरदारजीसोबत बसून प्यालेल्या चहाचं, दोघांले एकमेकाची भाषा येत नव्हती तरी गव्हाची ओंबी हातावर चोळून बोलणं झालं म्हणत. तो चहा ऑनलाईनमध्ये नाही, अन् तो नसल्यामुळं आमचे जुने कास्तकार येत नाही, त्यांले मोबाईल चालवता येत नाही म्हणून नव्हे. त्यांले आम्ही आता चार-पाच जणं मास्क लावून ओट्यावर अंतरानं बसवतो अन् एका मोबाईलले स्पीकर जोडतो, तेव्हा कुठं प्रश्न निघतात.

डाळवाली_ताई, दारव्हा
सगळ्यांचे लय आभार. काल आमच्या गटात तुमचे उत्तरं वाचून दाखवले, मेहकरच्या ताईचं ऐकून आमच्या दोघी-तिघी म्हणे का आपलं पण तसंच आहे. आयोजकाले फोन केला, तो म्हणे गिऱ्हाईकाचे नंबर देता येत नाही अन् वेळ सकाळचीच राहील. त्याले नाही म्हणून सांगितलं.

आता असं ठरवलं, येत्या रविवारी रात्री साडेआठला आम्हीच व्हिडिओवर बसतो, मिल चालू करून दाखवतो, तूर भरडून डाळ कशी निघते ते अन् पॉलिश का मारत नाही ते. ४० मिनिटाच्या आत आटपू, प्रश्न आधी घेऊ. ज्यांले बसायचं त्यांनी खाली लिहा अन् पत्ता मले मेसेजमध्ये टाका, बुधवारी पोस्टानं १०० ग्रॅम डाळीचं पाकीट पाठवते, रविवारी ते हातात घेऊनच बसा. सेलूवाल्या भाऊ, तुमच्या ओट्यावरच्या मंडळीसाठी पाच पाकिटं वेगळे काढून ठेवले.